सीसीएएस स्केल: लहान मेंदूला प्रश्न विचारणारी दहा मिनिटं

सरळ मत आधी सांगते, कारणं मग. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत ज्या चाचण्या वापरल्या जातात, त्यांत सीसीएएस स्केलला, म्हणजे लहान मेंदूच्या इजेने विचार आणि भावनांत होणारा बदल शोधणाऱ्या छोट्या चाचणीला, कायमची जागा मिळायला हवी. आणि या एका कागदाच्या जोरावर कुणाच्याही घरच्यांना "यांच्या लहान मेंदूत बिघाड आहे" असं सांगू नये. दोन्ही गोष्टी मला तितक्याच ठामपणे वाटतात.

मी मानसतज्ज्ञ आहे. विसरायला होतंय, सुचत नाही, पूर्वीसारखं जमत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्यांची तपासणी करणं हे माझं काम. बरीच वर्षं माझी भिस्त एमएमएसई आणि मोका या दोनच चाचण्यांवर होती. दोन्ही ३० गुणांच्या. एमएमएसई १९७५ सालची, मोका २००५ सालची. पहिलीत आजची तारीख, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करत जाणं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणं, एवढ्यावर माणसाची ढोबळ ओळख होते. दुसरी जरा कठीण. तिच्यात नियोजन आणि एकाग्रता यांनाही थोडी जागा आहे. अल्झायमरमध्ये नवीन गोष्ट मनात रुजतच नाही, तिथे दोन्ही उपयोगी पडतात. पण एका प्रकारचा माणूस दोन्हींमधून निसटतो. तारीख बरोबर सांगतो, शब्द आठवतो, घड्याळाचं चित्र नीट काढतो, चांगले गुण मिळवतो. आणि त्याची बायको निघताना दारात थांबून म्हणते, "ताई, गुण चांगले आले ते ठीक, पण हे पूर्वीचे राहिले नाहीत हो."

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की ते मी आता तपासणीचाच भाग मानते. सीसीएएस स्केल हाती आलं ते अशाच माणसांसाठी काहीतरी शोधताना.

सीसीएएस म्हणजे सेरेबेलर कॉग्निटिव्ह अफेक्टिव्ह सिंड्रोम. लहान मेंदूला इजा झाल्यावर विचार, भाषा आणि भावना यांत जो बदल होतो, त्याला १९९८ साली जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शेरमन यांनी हे नाव दिलं. लहान मेंदूपुरताच आजार असलेल्या २० रुग्णांना त्यांनी बारकाईने तपासलं आणि चार प्रकारच्या अडचणी एकत्र दिसतात असं मांडलं: नियोजन आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, जागेचं भान, भाषा, आणि भावनांवरचा ताबा. त्यावर प्रत्यक्ष वापरता येईल अशी छोटी चाचणी यायला पुढची वीस वर्षं गेली. फ्रान्झिस्का होखे आणि श्माहमन यांच्या गटाने ती २०१८ साली प्रसिद्ध केली. दहा उपचाचण्या, एकूण १२० गुण, वेळ साधारण दहा मिनिटं.

चाचणीकडे वळण्याआधी लहान मेंदूबद्दल थोडं सांगते, कारण तो भाग माहीत नसेल तर या प्रश्नांचा अर्थच लागत नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली, मानेच्या जरा वर हा भाग असतो. आकाराने संपूर्ण मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी मेंदूतल्या पेशी मोजल्या, तेव्हा एकूण सुमारे ८६ अब्ज मज्जापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज या लहानशा भागात निघाल्या. शाळेपासून आपण शिकतो की लहान मेंदू तोल सांभाळतो. ते खरंच आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने ही लक्षणं इतकी नेमकी लिहून ठेवली की ती आजही तशीच शिकवली जातात: चालताना झोकांड्या जाणं, बोट नाकाला लावायला गेलं की चुकणं, बोलणं तुटक होणं. अडचण अशी झाली की त्या नेमकेपणामुळे पुढच्या कित्येक पिढ्यांनी लहान मेंदूला दुसरं काही विचारलंच नाही.

१९८६ साली हेन्रिएटा लायनर, अ‍ॅलन लायनर आणि रॉबर्ट डाऊ यांनी लहान मेंदूचा विचारप्रक्रियेशी संबंध असावा असं लिहिलं. १९९४ साली मिडलटन आणि स्ट्रिक यांनी माकडांमध्ये त्याची वाट शोधून काढली. पेशीतून पेशीत सरकणारा एक विषाणू वापरून त्यांनी दाखवलं की लहान मेंदूच्या गाभ्यातून निघालेले धागे कपाळामागच्या, नियोजन करणाऱ्या भागापर्यंत पोचतात. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याआधी होता तो तर्क होता. इथे रस्ता दिसला. आज आपल्याला माहीत आहे की लहान मेंदूचा पुढचा भाग मुख्यतः हालचालीचा आहे, मागचा मोठा भाग, विशेषतः क्रस १ आणि क्रस २ नावाचे त्याचे तुकडे, विचारांशी जोडलेला आहे, आणि मधला पट्टा, ज्याला व्हर्मिस म्हणतात, तो भावनांशी. शिवाय जोडणी उलटसुलट: उजवा लहान मेंदू डाव्या मोठ्या मेंदूशी बोलतो आणि डावा उजव्याशी. म्हणून मागच्या भागातच स्ट्रोक झाला तर माणूस सरळ चालू शकतो, हात थरथरत नाही, आणि तरीही त्याचा विचार नीट चालत नाही.

लहान मेंदूत पेशींची मांडणी जवळजवळ सगळीकडे सारखी असते. त्यामुळे श्माहमन यांचं म्हणणं असं की काम तेच, फक्त विषय वेगळा. पाण्याचा पेला उचलताना हात थोडा पुढे किंवा मागे जाऊ नये म्हणून लहान मेंदू अंदाज सुधारत राहतो. विचाराच्या बाबतीतही तो तेच करतो. ही दुरुस्ती बंद पडली की हात पेल्याच्या पुढे जातो, तसा विचारही नेम चुकतो. मी घरच्यांना समजावताना हाच दाखला देते, आणि तो लगेच पटतो, कारण त्यांनी ते रोज पाहिलेलं असतं: लहानशा गोष्टीवर भलताच मोठा संताप, साध्या प्रश्नाला लांबच लांब उत्तर, नाहीतर दुःखाच्या बातमीवर काहीच नाही.

आता स्मृतिभ्रंशाशी संबंध. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत पसरत जातं, त्याच्या पाच पायऱ्या डिटमार थाल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडल्या. लहान मेंदू पाचव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर येतो. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या तिथे जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे अमायलॉइडचा पेट स्कॅन, म्हणजे मेंदूत ते किती साठलं हे दाखवणारा स्कॅन, वाचताना लहान मेंदूला आधारबिंदू धरतात: तिथला संकेत किती आहे ते बघायचं आणि बाकी मेंदूची त्याच्याशी तुलना करायची. मोजमापासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण तिच्यासोबत एक समज घट्ट होत गेला, की अल्झायमरमध्ये लहान मेंदूकडे बघायची गरज नाही.

ते तसं नाही. २०१६ साली क्रिस्टिन गुओ आणि सहकाऱ्यांनी अल्झायमर आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (कपाळामागच्या आणि कानाजवळच्या भागांचा स्मृतिभ्रंश) झालेल्यांचे एमआरआय तपासले. दोन्ही आजारांत लहान मेंदू आक्रसलेला सापडला, आणि तो सगळीकडे सारखा आक्रसलेला नव्हता. मोठ्या मेंदूचं जे जाळं त्या आजारात आधी बिघडतं, त्याच जाळ्याशी जोडलेला लहान मेंदूचा तुकडा जास्त झिजलेला होता. दुसरीकडे, मोठ्या मेंदूच्या एका बाजूला स्ट्रोक झाला की विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूतला रक्तप्रवाह मंदावतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे दोघं एकमेकांचं आजारपण वाटून घेतात. लहान मेंदू हे अल्झायमरचं मूळ आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून मी लोकांना सावध करते. पण माणसाची बौद्धिक शक्ती कमी होत जाते तेव्हा त्यात लहान मेंदूचा वाटा असू शकतो, एवढं मान्य करायला आता पुरेसा आधार आहे.

तर चाचणी.

सुरुवात सोपी वाटते. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा. मूळ चाचणीत १६ प्राण्यांना उत्तीर्ण धरतात. मी आकड्यापेक्षा वेग बघते. पहिल्या पंधरा सेकंदांत आठ-नऊ नावं धडाधड येतात आणि मग माणूस छताकडे बघत बसतो, पाळीव प्राणी संपले की जंगलात शिरावं हे त्याला सुचत नाही, तेव्हा अडचण शब्द विसरण्याची नसून शोध चालू ठेवण्याची आहे, हे ध्यानात येतं. त्यानंतर एका अक्षराने सुरू होणारे शब्द. मग येते ती माझी सर्वांत आवडती उपचाचणी: एक भाजी, एक व्यवसाय, पुन्हा एक भाजी, पुन्हा एक व्यवसाय, असं मिनिटभर. मोकामध्ये असं तोंडी आळीपाळीचं काम नाही. ज्याला दोन कामं मनात धरून आळीपाळीने करता येत नाहीत, तो इथे हमखास अडखळतो. तीन भाज्या सलग सांगतो, स्वतःच थांबतो, "आता काय सांगायचं होतं?" असं विचारतो. घरी हेच फोनवर बोलता बोलता गॅस चालू राहण्याच्या रूपात दिसलेलं असतं.

मग आकडे. मी म्हणते त्याच क्रमाने म्हणा, मग उलट क्रमाने म्हणा. या दोघांतली तफावत मी आवर्जून लिहून ठेवते. सरळ क्रम ठीक आणि उलट क्रम कोलमडलेला, हे चित्र खूप काही सांगतं.

घन काढण्याचा भाग हुशारीने बनवला आहे. आधी नमुना न दाखवता घन काढायला सांगायचं. जमलं नाही तरच नमुना समोर ठेवून नक्कल करायला सांगायची. मनातून काढता येत नाही पण बघून काढता येतो, हा फरक मोकामध्ये कळतच नाही, कारण तिथे घन समोरच असतो.

शब्द आठवण्याच्या भागासाठी तर मी या चाचणीची ऋणी आहे. पाच शब्द आधी सांगितलेले असतात, थोड्या वेळाने विचारायचे. आपण होऊन आठवला तर तीन गुण. नाही आठवला तर त्याचा प्रकार सांगून इशारा द्यायचा. आठवला तर दोन. तरीही नाही तर पर्याय द्यायचे. ओळखला तर एक. या उतरंडीत दोन वेगळी माणसं वेगळी दिसतात. लहान मेंदूचा किंवा कपाळामागच्या भागाचा त्रास असणारा इशारा मिळताच शब्द काढून देतो. शब्द आत होता, हाताला लागत नव्हता. अल्झायमर असलेल्याला बऱ्याचदा इशाऱ्याचा काही उपयोग होत नाही, पर्यायांतही तो चुकतो, कारण शब्द आत गेलाच नव्हता. एकदा एक निवृत्त शिक्षिका समोर होत्या. बोलणं इतकं अस्खलित की कुणालाही शंका येऊ नये. पाचही शब्द गेले, इशाऱ्यांनीही आले नाहीत, आणि पर्याय दिले तेव्हा त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे निवडले. मी "शब्द सांगितले होते" म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कधी सांगितलेत?" त्या तपासणीची दिशा तिथेच ठरली.

दोन वस्तूंमधलं साम्य सांगणं आणि टिचकीचा खेळ, मी एकदा वाजवलं तर तुम्ही एकदा वाजवा आणि मी दोनदा वाजवलं तर थांबा, हे दोन भाग ठीक आहेत. त्यांत नवीन काही नाही.

शेवटचा भाग भावनांचा. तो निरीक्षणावर आणि घरच्यांच्या सांगण्यावर भरायचा असतो. विस्मरणाच्या छोट्या चाचणीत भावनांना गुण असणं हीच मोठी गोष्ट आहे. एमएमएसई आणि मोकामध्ये त्यांना शून्य जागा आहे. घरच्यांना माणसाची खरी ओळख असते ती इथेच, आणि त्यांचं ऐकून घ्यायला चाचणीने परीक्षकाला भाग पाडावं, हे मला फार योग्य वाटतं. हा भाग मी कधीही घाईत उरकत नाही.

लहान मेंदूच्या मागच्या भागात स्ट्रोक झालेले एक गृहस्थ आठवतात. आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलेले. चाल व्यवस्थित, बोलणं स्पष्ट, मोकामध्ये उत्तम गुण. घरच्यांना सगळीकडून एकच उत्तर मिळालं होतं, की सगळं ठीक आहे, वय झालं. बायको सांगत होती की बिलं भरायची तर ते कागद पसरून बसतात आणि दोन तासांनी कागद तसेच असतात. नातवंडांवर ओरडतात, आणि ओरडून झाल्यावर ओरडल्याचं त्यांना कळतही नाही. सीसीएएसमध्ये ते भराभर शब्द सांगण्याच्या भागात, आळीपाळीच्या भागात आणि उलट आकड्यांत अडकले. भावनांचा भाग तर बायकोने सांगितलेल्या गोष्टींनीच भरला. शब्द मात्र इशारा मिळताच पाचही आठवले. मी त्या बाईंना सांगितलं, "काकू, तुम्ही म्हणत होता ते खरं आहे. त्यांचा विसरण्याचा आजार दिसत नाहीये, पण काम आखणं, बदलणं आणि स्वतःला आवरणं यांत अडचण आहे, आणि ती स्ट्रोकशी जुळते." त्या रडल्या. त्यांना दुखवणारं काही मी बोलले नव्हते. त्यांचं कुणीतरी खरं मानलं होतं.

मग कामाची रचना बदलली. बिलांचं काम एका वेळी एकच, पायऱ्या कागदावर लिहिलेल्या, झालेल्या पायरीवर खूण करायची. बोलताना टीव्ही बंद. मोठा निर्णय थकव्याच्या वेळी घ्यायचा नाही. इशाऱ्याने शब्द आठवतो हे चाचणीतच दिसलं होतं, म्हणून घरीही "आठवतंय का?" असं विचारायच्या ऐवजी प्रकाराचा इशारा द्यायचा. चाचणीच्या निकालातून थेट अशी घरगुती सूचना निघते, हा या स्केलचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता दोष. ते लहान नाहीत.

गुण देण्याची पद्धत अशी आहे: एका उपचाचणीत नापास तर सिंड्रोम "शक्य", दोन असतील तर "संभाव्य", तीन किंवा जास्त असतील तर "निश्चित". या शब्दांनी घोळ होतो. मूळ अभ्यासात तुलना होती ती लहान मेंदूचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्यात. तीन नापास या निकषात निरोगी माणूस कुणी अडकला नाही, पण रुग्णांपैकीही निम्म्याहून कमीच पकडले गेले. एक नापास हा निकष लावला तर जवळजवळ सगळे रुग्ण सापडले, पण साधारण पाचातला एक निरोगी माणूसही त्यांच्यासोबत आला. तरी हे मी समजू शकते. खरी मेख पुढे आहे: त्या तुलनेत अल्झायमरचे रुग्ण नव्हतेच. मग ज्या शिक्षिकेबद्दल वर लिहिलं, त्या या चाचणीत सहज तीन ठिकाणी नापास होतात आणि कागदावर "निश्चित" असं येतं. कसलं निश्चित? अडचण आहे हे निश्चित. ती लहान मेंदूची आहे हे कागद सांगू शकत नाही. प्राण्यांची नावं न सुचणं, घन न काढता येणं, शब्द न आठवणं, यांतलं प्रत्येक मोठ्या मेंदूच्या आजारातही होतं.

हे मी पुस्तकी भीतीपोटी लिहीत नाही. दुसरीकडे तपासणी झालेलं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. त्यांना या स्केलवरून "लहान मेंदूचा डिमेन्शिया" असं सांगितलं होतं आणि तोल सुधारण्याचे व्यायाम सुरू करून दिले होते. आजोबांचा एमआरआय कुणी नीट बघितला नव्हता. त्यात हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी संबंधित भाग, दोन्ही बाजूंनी आक्रसलेला होता. मधले काही महिने औषधाविना गेले, आणि तेवढा काळ मुलगा रोज वडिलांना फळीवर उभं करून तोल सांभाळायला लावत होता, या आशेने की स्मरणशक्ती परत येईल. मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं.

व्यायामाबद्दल इथेच लिहिते. चालणं, तोलाचे व्यायाम, हालचाल, हे सगळं चांगलं आहे. पडण्याचा धोका कमी होतो. शारीरिक निष्क्रियता हा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली सांगितलेल्या, स्मृतिभ्रंशाच्या १४ बदलता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक आहे. हे सगळे धोके आयुष्यभर टाळता आले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टळू किंवा लांबू शकतात, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. पण झालेला स्मृतिभ्रंश फळीवर उभं राहून मागे जातो याला पुरावा नाही. लहान मेंदूचं नाव घेऊन तसं विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसरा दोष वय आणि शिक्षणाचा. मोकामध्ये कमी शिक्षण असलेल्याला एक गुण वाढवून देतात. ती दुरुस्तीही तोकडीच आहे, पण आहे. सीसीएएसच्या मूळ रूपात सगळ्यांना एकच मोजपट्टी. जर्मन आवृत्तीवर काम करणाऱ्यांना वय आणि शिक्षण यांचा निकालावर चांगलाच परिणाम होतो असं आढळलं, आणि बरीच निरोगी माणसं नापास ठरली. चौथीपर्यंत शिकलेली, पण घरातला सगळा व्यवहार डोक्यात ठेवणारी आजी घन काढण्यात नापास झाली, तर तो तिच्या मेंदूचा दोष मानायचा नाही. मी अशा वेळी तो भाग गुणांसकट लिहिते आणि खाली स्पष्ट नोंदवते की यांनी आयुष्यात कधी घन काढलेला नाही.

भाषेचाही प्रश्न आहेच. मूळ चाचणीत एफ अक्षराचे शब्द विचारतात. आपल्याकडे 'फ' घेतला तर चांगले शिकलेलेही अडकतात, 'क' किंवा 'स' घेतला तर शब्दांची रेलचेल. अक्षर बदललं की उत्तीर्ण होण्याचा आकडाही नव्याने ठरवावा लागतो, आणि तो मनाने ठरवता येत नाही. मी या उपचाचणीचा कच्चा आकडा लिहिते, पास-नापास लिहीत नाही.

आणि ज्यांची चाल आणि बोलणं आधीच बिघडलेलं आहे, म्हणजे ज्यांना अटॅक्सिया आहे, त्यांना मिनिटभरात भराभर शब्द बोलायला लावणं अन्यायाचं आहे. जीभ अडखळते म्हणून गुण जातात. हात थरथरतो म्हणून घन वाकडा येतो. ज्या आजारासाठी चाचणी बनवली त्याच आजाराच्या रुग्णांना ती अशी मागे टाकते, हे सुधारायला हवं. ऐकू कमी येणं आणि नैराश्य यांचीही तीच गत; दोन्ही आधी तपासून घ्यावीत.

म्हणून मी ही चाचणी कधी एकटी घेत नाही. सोबत मोका घेते, आणि माणसाला चालायला लावते. आधी नुसतं, मग चालता चालता शंभरातून एक-एक वजा करत. मनुएल मोंतेरो-ओदासो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की सौम्य विस्मरण असलेल्यांपैकी ज्यांची चाल असं दुहेरी काम करताना फार मंदावते, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त असतो. याला लागतो तो मोकळा व्हरांडा आणि स्टॉपवॉच. काहीजण आकडा सांगायला चक्क थांबतात. हे थांबणं मी अहवालात लिहिते, आणि न्यूरॉलॉजिस्टना एमआरआयमध्ये लहान मेंदूचा मागचा भाग बघावा अशी नोंद करते. अहवालात "लहान मेंदू: सामान्य" एवढंच लिहिलेलं असेल तर प्रत्यक्ष फिल्म बघायला सांगते. अंतिम निदान त्यांनी करायचं. मी त्यांना कुठे बघायचं ते सुचवते.

ज्यांच्या घरी कुणाची ही चाचणी होणार असेल त्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नका. झोप न झालेल्या दिवशी चाचणी पुढे ढकला. भावनांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं घरात रोज सोबत राहणाऱ्या माणसानेच द्यावीत, सुट्टीत भेटायला येणाऱ्याने नव्हे. सराव म्हणून आधी प्राण्यांची यादी पाठ करून घेऊ नका. काही घरी हे प्रेमापोटी करतात आणि निकाल निरुपयोगी होतो. पुन्हा चाचणी घ्यायची असेल तर वेगळ्या आवृत्तीची मागणी करा. मूळ चाचणीच्या चार समांतर आवृत्त्या त्यासाठीच आहेत. आणि अहवालावर "निश्चित" हा शब्द दिसला, तर तो कोणत्या उपचाचण्यांमुळे आला आणि स्कॅनमध्ये त्याला आधार आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.